तिसऱ्या आउटपुटवर कोणीच नव्हतं

आधीच सांगते, या गोष्टीत रात्र नाही.

ओसाड रस्ता नाही, कुत्र्याचं रडणं नाही, पडका बंगलाही नाही. भर दुपार होती. डोक्यावर पंखा फिरत होता, ट्यूबलाइट लागलेली होती आणि खोलीत दोन जाणत्या बायका होत्या.

तरीही जे घडलं ते घडलं.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलेच होते. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मामेबहीण. सांगताना तिने एकदाही माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, तेव्हा माझं हसू तिथेच जिरलं.

घरात तिला सगळे बारकी म्हणतात. चार बहिणींत धाकटी म्हणून बारकी, नाहीतर उंचीला ती दाराच्या चौकटीला टेकते. शिकली इलेक्ट्रॉनिक्स. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. लहानपणी आम्ही माळ्यावर जायला घाबरायचो तेव्हा हीच वर चढून आम्हाला ठेंगा दाखवायची.

काच कापणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचा कारखाना आहे. तिथे ती कामाला. तिथे पॉवर सप्लाय बनतात. भिंतीतल्या प्लगमधली दांडगी वीज घ्यायची आणि मशीनला पचेल अशी बारीक करून पुढे द्यायची, असा डबा म्हणजे सप्लाय. डिझाइन बारकीचं. ऑर्डरी आणायला बाहेर धावायचं ते सरांनी. आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे ते मावशींनी.

मावशी म्हणजे वाइंडिंगवाल्या मावशी. केसाएवढी तांब्याची तार, अंगठ्याएवढी प्लास्टिकची बॉबिन, आणि तिच्यावर वेढ्याला वेढा चिकटवत जायचं. दिवसभर हेच. वयाने बारकीच्या आईच्या बरोबरीच्या. पण बारकीला ‘मॅडम’ म्हणायच्या.

“आणि मी कधी ‘नका म्हणू’ असं म्हटलं नाही,” बारकी मला म्हणाली.

त्या वेळी कारखान्यात एक मोठं काम आलं होतं. घरीच पडून असलेल्या पेशंटला श्वासाला मदत करणारं एक मशीन. त्याचा सप्लाय यांनी बनवायचा होता. त्याला तीन आउटपुट, म्हणजे वीज बाहेर द्यायच्या तीन वाटा. पहिला मशीनच्या मेंदूसाठी. दुसरा हवा ढकलणाऱ्या पंख्यासाठी.

तिसरा बेलसाठी.

पेशंटच्या तोंडावर मास्क असतो. हाक मारता येत नाही. म्हणून हातात एक बटण द्यायचं. दाबलं की बेल वाजते आणि घरातलं माणूस धावत येतं.

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिन्ही आउटपुट एकाच ट्रान्सफॉर्मरवरून निघतात, पण सर्किटचं लक्ष असतं फक्त पहिल्यावर. त्याचं व्होल्टेज जरा हललं की लगेच सावरलं जातं. बाकीचे दोघं बिचारे त्याच्यामागून फरफटत येतात. बारकी म्हणते, तीन भावंडं आणि एकच पांघरूण. एकाने ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे. फ्लायबॅक म्हणतात या जातीच्या सप्लायला, आणि ही त्याची जन्मखोड.

त्यातून एक गोष्ट होते. ज्या आउटपुटला काहीच जोडलेलं नाही, त्याचं व्होल्टेज उगाचच चढून बसतं. कोणी वीज ओढायला लागलं की खाली येतं.

एवढंच लक्षात ठेवा. रिकामा असला तर वर. कोणी ओढत असलं तर खाली.

बेल काही सारखी वाजत नाही. म्हणजे तिसरा आउटपुट बहुतेक वेळ रिकामाच राहणार, आणि चढणार. किती चढतो? फार चढून बेलचं सर्किट जाळणार तर नाही? हे तपासायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

म्हणून त्या दुपारी बारकीने पहिल्या आउटपुटला थोडासा लोड, म्हणजे वीज खाणारा भार, लावला, आणि तिसऱ्याच्या दोन तारा टोकांना टेप लावून टेबलावर मोकळ्या सोडल्या. मीटर लावला. बसली.

सप्लाय शिट्टी वाजवत होता. फारसं काम नसलं की तो अशी बारीक शिट्टी वाजवतो, डासासारखी. लोड पडला की गप्प. एरवी खालच्या काच कापण्याच्या आवाजात ती ऐकूही येत नाही. पण त्या दिवशी खालचं दुकान बंद होतं.

मीटरवरचा आकडा चढला. हवा होता तितकाच. बारकीने कागदावर लिहून घेतला.

आणि...

शिट्टी थांबली.

तिने मान वर केली. आकडा खाली आला होता.

पुन्हा वर गेला. पुन्हा खाली. वर. पुन्हा खाली.

तीन गचके. मग शिट्टी पूर्ववत सुरू झाली, जसं काही झालंच नाही.

बारकीने तारा उचलून बघितल्या. टेप नीट होता. तारांना काहीही लागलेलं नव्हतं. टेबल लाकडाचं, कोरडं.

“मीटर बिघडला असेल,” ती स्वतःशीच म्हणाली. तिने दुसरा मीटर लावला.

थोडा वेळ गेला.

शिट्टी थांबली... तीन गचके... शिट्टी सुरू.

नव्या मीटरवरही तेच. तिसऱ्या आउटपुटवरून कोणीतरी वीज ओढत होतं. आणि तिसऱ्या आउटपुटवर कोणीच नव्हतं.

बारकी घाबरली असं वाटत असेल तुम्हाला. नाही. ती चिडली. उद्या गिऱ्हाईक दारात, आणि आज हे नाटक. तिने मनातल्या मनात गुन्हेगारही ठरवून टाकला. ट्रान्सफॉर्मर. आत कुठेतरी तारेची साल, म्हणजे वरचा लेप, निघाली असेल, तापलं की वेढे एकमेकांना चिकटत असतील.

म्हणजे गुंडाळणाऱ्याची चूक.

“मावशी, हा ट्रान्सफॉर्मर कधी गुंडाळलात?”

मावशी त्याच खोलीत, खिडकीपाशी बसायच्या. त्यांनी चष्मा वर केला. “मागच्याच आठवड्यात, मॅडम. आमच्या घरी ते मशीन दिलं ना, त्याचा केला, तेव्हाच. जोडीनेच केले दोन्ही. एकाच रिळाची तार.”

हे सांगायचं राहिलं. मावशींचे यजमान बरेच महिने अंथरुणाला खिळले होते. फुप्फुसं दमलेली. सरांनी गिऱ्हाईकाकडे शब्द टाकून या मशीनचा पहिला नमुना त्यांच्या घरी वापरायला दिला होता. सप्लाय बारकीचा, गुंडाळी मावशींची. मावशी ज्याला त्याला सांगायच्या, “ह्यांच्या श्वासात माझी तार आहे हो.” आणि हसायच्या.

“लक्ष कुठे होतं गुंडाळताना?” बारकीने विचारलं.

“लक्ष... कामावरच होतं, मॅडम.”

“मग हे काय आहे? आत तार सोललीय. मला इथे बसून दिसतंय. हात इथे आणि डोकं घरी, असं चालत नाही हो मावशी. निदान सांगायचं तरी, आज जमत नाही म्हणून.”

आवाज चढला होता. शेजारच्या खोलीत पॅकिंग करणाऱ्या दोघांचे हात थांबले. टेप फाडल्याचा आवाज येत होता तो बंद झाला.

मावशी उठल्या. पदराला हात पुसत टेबलाजवळ आल्या. चेहरा कानापर्यंत लाल.

“नवीन करून देते,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “पण मॅडम, मला चारला निघायचं असतं. मुलगी अडीचला ड्युटीला गेली की घरी हे एकटेच असतात.”

“अर्ध्या तासाचं तर काम आहे. तुमच्या एका चुकीपायी उद्या आम्ही सगळ्यांनी माना खाली घालायच्या का?”

मावशी जागेवर जाऊन बसल्या. बसण्याआधी एकदा दाराजवळच्या ट्रेकडे बघितलं. सरांचा नियम होता, सगळ्यांचे मोबाईल आत येताना तिथे ठेवायचे.

“मागितला असता तर दिला असता मी,” बारकी मला म्हणाली. “पण त्यांनी मागावा असं तोंडच ठेवलं नव्हतं मी माझं.”

मावशी गुंडाळायला लागल्या. बारकी मीटरसमोर बसून राहिली.

शिट्टी थांबली... तीन गचके.

थोड्या वेळाने पुन्हा. मग लगेच पुन्हा. मग इतक्या पाठोपाठ की शिट्टीला सुरू व्हायला सवडच मिळेना.

“ऐका! ऐका तुमची करामत!” बारकी म्हणाली.

मावशींनी मान वर केली नाही.

नवा ट्रान्सफॉर्मर तयार झाला. बारकीने जुना काढला, नवा बसवला. सप्लाय चालू केला. शिट्टी आली. आकडा चढला, थांबला. मावशी पिशवी उचलून उभ्याच होत्या. घड्याळात चार वाजून गेले होते.

आणि शिट्टी थांबली.

तीन गचके.

बारकीने टेबलावर हात आपटला. मावशींनी पिशवी खाली ठेवली. पुन्हा खिडकीपाशी गेल्या आणि नवी बॉबिन चढवली.

बारकीच्या डोक्यात तेव्हा एकदा येऊन गेलं होतं, की दोन वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये अगदी तसाच दोष कसा असेल? तिला ते सुचलं होतं. तिने ते बाजूला सारलं. कारण तसं म्हटलं तर चूक मावशींची ठरत नव्हती, आणि मग इतका वेळ केलेल्या आरडाओरड्याचं काय करायचं?

गचके चालूच होते. पण आता सावकाश.

तीन... मग बराच वेळ नुसती शिट्टी.

तीन... मग त्याहून जास्त वेळ.

या वेळी मावशींनी दोनदा सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळलं, वेढ्याला वेढा लावत. बाहेर ऊन उतरलं. पॅकिंगवाले जाता जाता दारातून डोकावले आणि जिना उतरले.

तिसरा ट्रान्सफॉर्मर बसला तेव्हा सहा वाजत आले होते. सप्लाय चालू झाला. शिट्टी आली.

तीन गचके आले. एकदाच.

मग काही नाही.

दोघी उभ्या होत्या. आकडा वर होता तिथेच होता. शिट्टी अखंड चालू होती. एक मिनिट, दोन, पाच, दहा.

काही नाही.

“पाहिलंत?” बारकी म्हणाली. “बसला आता बरोबर. हेच आधी मन लावून केलं असतंत तर?”

“चुकलं, मॅडम,” मावशी म्हणाल्या.

ट्रेमधून मोबाईल घेतला आणि चपला पायात न घालता, हातात धरूनच त्या धडधडत जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. सगळं सुरळीत. रिकामा आउटपुट जितका चढायला हवा तितकाच चढला, एकदाही हलला नाही. गिऱ्हाईक खूश, सर खूश.

मावशी आल्या नव्हत्या.

दुपारी सरांना फोन आला. ते ऐकत राहिले, आणि मग खुर्चीत बसले.

मावशींचे यजमान गेले होते. आदल्या दिवशी, संध्याकाळी. मावशी पोचल्या तेव्हा मशीनचा पंखा चालू होता. हवा येत होती. घेणारं कोणी नव्हतं.

बारकी भेटायला गेली ती आठवड्याने. आधी पायच वळेना. गेली तेव्हा घरात नातेवाईक होते, मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एवढ्यातल्या एवढ्यात त्यांचे खांदे लहान झाल्यासारखे वाटत होते. मुलीने पाणी आणून दिलं. बारकी हातात पेला धरून बसली.

एक म्हाताऱ्या नणंद होत्या. त्या म्हणाल्या, “रोज साडेचारला येते ना ही घरी. त्याच दिवशी मेला उशीर व्हायचा होता. कोणी थांबवलं तरी का हिला?”

बारकी पेल्यात बघत राहिली.

मावशींनी तिच्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “कोणी नाही. काम माझंच राहिलं होतं. माझ्या हातून बिघडलं होतं.”

बारकीने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. ती पाणी प्यायली.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. मशीन कोपऱ्यात, चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. “हे परत न्यायला सांगाल का, ताई? आईला बघवत नाही,” ती म्हणाली. मग आवाज खाली करून म्हणाली, “शेजारचे म्हणतात बेल वाजत होती. पुष्कळ वेळ. त्यांना वाटलं घरात आहे कोणीतरी.”

बारकीला काय वाटलं कोणास ठाऊक. म्हणाली, “बेल कशी वाजते गं ही?”

हसू नका. सप्लाय तिचा होता, पण बेल तिने कधी ऐकलीच नव्हती. बेलचं सर्किट गिऱ्हाईक बाहेरून तयार आणायचं. हिला फक्त ती किती वीज खाते तेवढा आकडा दिला होता.

मुलीने चादर सरकवली, प्लग लावला आणि बटण दाबलं.

टीं... टीं... टीं...

तीनदा. आणि शांत.

ज्या अंतराने मीटरवर गचके यायचे, अगदी त्याच अंतराने.

बारकी जिना कसा उतरली तिला आठवत नाही. रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली. येणारी जाणारी माणसं बघत होती. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. किती वेळा. त्या दुपारी तो आकडा किती वेळा खाली आला. पाठोपाठ आला तेव्हा आपण काय म्हणालो. ‘ऐका तुमची करामत’ म्हणालो. आणि थांबला तेव्हा... आपण तर खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेली. तो पहिला ट्रान्सफॉर्मर तिने ड्रॉवरमधून काढला आणि एक-एक वेढा उलगडला. भिंगाखाली धरून पूर्ण तार बघितली, बोटातून ओढून बघितली.

कुठेही ओरखडा नव्हता. इतकी स्वच्छ गुंडाळी तिने क्वचितच बघितली होती.

तार तिने कागदात गुंडाळून दूरच्या कचरापेटीत टाकली. कोणी बघू नये म्हणून.

मावशी कामावर परत आल्या. काही दिवस सगळं शांत होतं.

मग एका दुपारी मावशी खाली चहा आणायला गेल्या. बारकी टेबलावर होती. तोच सप्लाय चालू होता, तिसऱ्याच्या तारा तशाच टेप लावून मोकळ्या.

शिट्टी थांबली.

तीन गचके.

बारकी जागची हलली नाही.

तीन गचके... तीन गचके...

जिन्यावर मावशींच्या चपलांचा आवाज आला. मावशी कप घेऊन आत आल्या.

शिट्टी सुरू झाली. आकडा वर गेला आणि तिथेच थांबला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मावशी खोलीत असल्या की सगळं ठीक. मावशी बाहेर गेल्या की तीन गचके. बारकीने ट्रान्सफॉर्मर बदलला. सगळाच्या सगळा सप्लाय बदलला, नवा कोरा आणून ठेवला. टेबल हलवून दुसऱ्या भिंतीला लावलं. काही उपयोग झाला नाही. हाक तिला नव्हतीच. ज्यांना होती त्या आल्या की ती थांबायची.

“मग सांगून टाकायचं ना त्यांना,” मी म्हटलं.

“काय सांगू?” बारकी म्हणाली. “काका हाक मारतायत तुम्हाला, एवढं सांगून भागतं का? तुला कसं कळलं विचारतील. त्या दुपारपासूनचं सगळं सांगावं लागेल. ते हाका मारत होते, मला दिसत होतं, आणि मी तुम्हालाच बोलत बसले. तुमची गुंडाळी चांगलीच होती. हे सगळं.”

रोज ती ठरवायची, आज सांगू. रोज मावशी समोर आल्या की कामाचंच काहीतरी बोलायची.

आणि मग मावशींनीच विचारलं.

तीही दुपारच होती. पॅकिंगवाले जेवायला गेलेले. मावशी बॉबिन हातात घेऊन नुसत्याच बसल्या होत्या.

“मॅडम, एक विचारू?”

“विचारा ना.”

“त्या दिवशीचा पहिला ट्रान्सफॉर्मर... त्यात खरंच सोलली होती का हो तार? मी रोज आठवून बघते. हाताला तर काही लागलं नव्हतं. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असेल.” त्या थांबल्या. “मला एवढंच कळू दे. मी थांबले ते माझ्याच चुकीने ना? उगाच दुसऱ्या कोणाला मनात बोल लावायला नको.”

शिट्टी चालू होती.

सांगायची वेळ हीच होती. याहून सोपी वेळ परत कधी येणार नव्हती. समोरच्या बाईने हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं होतं.

“हो मावशी,” बारकी म्हणाली. “थोडी सोलली होती.”

मावशींनी मान हलवली. एकदा, दोनदा.

“मग माझंच,” त्या म्हणाल्या, आणि बॉबिन मशीनला लावली.

शिट्टी थांबली.

मावशी खोलीत असताना. पहिल्यांदाच.

बारकीने मीटरकडे बघितलं. आकडा खाली आला होता. ती पुढच्या गचक्याची वाट बघू लागली.

तो आला नाही.

आकडा वर गेलाच नाही.

खालीच राहिला. एक मिनिट. पाच मिनिटं. टेबलावर दोन मोकळ्या तारा पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून एकसारखी वीज ओढली जात होती. बेल असती तर ती आता तीनदा वाजून थांबली नसती. बटणावर बोट दाबून धरावं, आणि उचलूच नये, तसं.

“आवाज बंद झाला का हो?” मावशींनी विचारलं.

“लोड लावलाय मी,” बारकी म्हणाली.

त्या क्षणापासून तो आकडा तसाच आहे.

प्लग काढला की सगळं बंद पडतं, कोणत्याही मशीनसारखं. पुन्हा लावला की तिसरा आउटपुट खाली. या मॉडेलचा कोणताही सप्लाय त्या टेबलावर ठेवा, त्याची शिट्टी येत नाही. रिकामा आउटपुट चढतच नाही. खिळा ठोकल्यासारखा एका जागी राहतो.

सरांना वाटतं, बारकीने डिझाइन सुधारलं. जी खोड भल्याभल्यांना काढता येत नाही ती हिने काढली. त्यांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावून तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजवायला लावल्या.

सगळ्यात आधी मावशींनी वाजवल्या.

मी मध्ये एकदा तिच्याबरोबर त्या खोलीत गेले होते. तिने मला मीटर दाखवला, मोकळ्या तारा दाखवल्या. मला त्यातलं काही कळत नाही. पण खोलीत एक प्रकारची शांतता होती ती मला कळली. कोणीतरी तुमच्याकडे टक लावून, तोंड न उघडता उभं असतं ना, तशी. मी दोन मिनिटांत बाहेर आले. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी मला “बसा ना, चहा आणते,” म्हटलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

बारकीने अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. मला म्हणाली, “तू लिही हवं तर. मावशी असलं काही वाचत नाहीत.”

म्हणून लिहिलं. पण लिहून झाल्यापासून चैन नाही. त्या दुपारी काय झालं ते आता तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ओळख ना पाळख, तरी ठाऊक आहे.

फक्त मावशींना नाही.